सोमीवर आलेला आळ

बोईसरच्या एमआयडीसीत जुगाराच्या चकत्या घडतात, हे सोमीच्या पाड्यावर कोणाला सांगून पटत नसे. उमरोळीच्या बाजूने ती गेली अकरा वर्षं त्या कारखान्यात येत होती. तिथला माल गोव्यातल्या कॅसिनोंना जाई. जाड रंगीत चकतीच्या कडेला खाचा पाडायच्या, त्यांत दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवायचे आणि गरम प्रेसखाली सगळं एकजीव करायचं. तुकडे बसवणं सोमीकडे. केसाएवढी फट दिसली की चकती बाद.

प्रेसवरचा पुंजाराम जळगावकडचा. तो सांगायचा, "पूर्वी साहेब लोक हस्तिदंताच्या, शिंपल्याच्या चकत्या वापरायचे. मग नकली निघायला लागल्या, म्हणून ही कडेची नक्षी आली. चोराची वाट तू अडवतेस, सोमी."

त्याच सोमीवर चोरीचा आळ आला.

गोव्यात हिशेबाबाहेरच्या चकत्या सापडल्या. त्यांतली एक घेऊन मालक कमलेशभाई तरातरा बायकांच्या टेबलाशी आले. पुरुषांना कोणी हटकलंसुद्धा नाही. वॉचमनने सोमीची पिशवी जमिनीवर उपडी केली, डबा उघडून नागलीची भाकर चाचपली.

"माल इथूनच बाहेर गेलाय," कमलेशभाई ओरडले. "डोंगरातल्या लोकांना कामावर ठेवलं, ही माझीच चूक!"

सोमीचं डोकं सणकलं. "दावा ती चकती."

तिने कडेवरून अंगठा फिरवला. "ही आमची नाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पुंजारामदादा, ही काप. आन माजी पन काप."

पुंजारामने दोन्ही कापल्या. नकली चकती आतून पांढरीफटक. रंग नुसता कडेवर छापलेला. सोमीच्या चकतीत रंग नखभर आत गेलेला. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

कमलेशभाईंनी घसा खाकरला. "ठीक है. चलो, काम शुरू करो."

"कसलं काम?" सोमी उभीच. "चोर म्हनलात तवा आख्खं खातं ऐकत होतं. आता चुकलो म्हना, तेबी ऐकू दे."

"उद्या माल जायचाय, सोमी!"

तिने ट्रे पुढे सरकवला आणि हाताची घडी घातली. शेजारच्या भागीने काम थांबवलं, मग बाकीच्या बायकांनी. पुंजारामने प्रेस बंद केला. तासाभराने कमलेशभाई केबिनमधून बाहेर आले आणि वॉचमनकडे बघत पुटपुटले, "चूक झाली."

"पिशवी माजी उपडी केलीत. माज्याकडं बघून सांगा."

त्यांना सांगावंच लागलं.

पण आठवड्याने गेटवर झडतीचं टेबल लागलं, तेही फक्त बायकांसाठी. सोमी टेबलापुढे ठाम उभी राहिली. मागे रांग खोळंबली, त्या रांगेमागे कमलेशभाईंची गाडीही अडकली.

"पयली त्यांची बॅग उघड," ती गाडीकडे बोट दाखवत वॉचमनला म्हणाली, "मंग माजी."

दुसऱ्या दिवशी तिथे टेबल नव्हतं. सोमी मात्र त्या वॉचमनशी पुढे कधी बोलली नाही.