उसवलेलं पुस्तक

चेन्नईत अड्यारला घराच्या पुढच्या खोलीत मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण हातात दाभण असताना मला शिकवील असा कोणी जन्मला नाही, असं मी तेव्हाही म्हणायचो नि आजही म्हणतो. म्हणून नातीनं एक नवंकोरं जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवून ‘आजोबा, हे सुटं करून द्या’ म्हटलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. शिवलेलं पुस्तक उसवणं माझ्या जिवावर येतं.

नात तेव्हा, २०१०च्या सुमाराला, कॉलेजात होती. ती आणि तिची मित्रमंडळी एकाच गोष्टीनं झपाटलेली: कॉपीराइटचा कायदा बदला, ज्ञान कुलुपात ठेवू नका. असलंच काहीतरी छापलेले टी-शर्ट घालून सगळी हिंडायची. मी म्हणायचो, “दुसऱ्याचं पुस्तक न विचारता छापणं, याला आपल्यात चोरी म्हणतात.”

“आणि पुस्तकाला कुलूप लावणं, त्याला काय म्हणतात?” ती विचारायची. उलट उत्तर द्यायला ती कधी कमी पडली नाही. आमच्या तंजावरच्या मराठी घराण्याचाच गुण तो, कोणाला दोष देऊ?

त्या दिवशी तिची मैत्रीण बरोबर होती. त्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. तमिळमध्ये आजोबांना ताता म्हणतात; ती तमिळमध्येच म्हणाली, “पुस्तक माझंच आहे, ताता. दुकानातून विकत घेतलंय. पण मला ते नुसतं हातात धरता येतं.”

मग कळलं ते असं. पानं स्कॅन करून घातली की कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो. पण स्कॅन म्हणजे नक्कल, आणि नकलेला परवानगी लागते. प्रकाशकाला तिनं तीन पत्रं घातली होती, एकाचंही उत्तर नव्हतं. मागच्या वर्षी ती इतिहासाच्या या एकाच पेपरात नापास झाली होती. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. याही खेपेला तसंच झालं, तर वडील गावी बोलावून घेणार.

“कायद्यात तुझ्यासारख्यांची काही सोय नाही?”

“आमचं नावच नाही त्यात. म्हणून तर आम्ही ओरडतोय.”

बोलता बोलता तिचा हात मेजावरच्या दुसऱ्या एका पुस्तकावर गेला. मीच बांधलेलं होतं ते. कण्यावरून बोट फिरवत ती थांबली. “गाठ आत लपवलीत, ताता? म्हणजे बाहेर टोचत नाही.” चाळीस वर्षांत डोळे असलेल्या एकाही गिऱ्हाइकाला ती गाठ सापडली नव्हती.

मी दाभण घेतलं. नात म्हणाली, “कशाला त्रास, आजोबा? झेरॉक्सवाला एका झटक्यात कणा कापून देतो.”

“कापेल तो. मी उसवीन, नि पुन्हा शिवीन. आणि मी लावलेला एक कागद इकडचा तिकडे करायचा नाही, सांगून ठेवतो.”

शिवण सोडवली, दुमडून एकात एक घातलेली जोडपानं उलगडून सपाट केली, वजनाखाली ठेवली. मुलांनी उसना आणलेला स्कॅनर माझ्याच खोलीत मांडला. माझ्या धाकानं मुलं मी दिलेल्या क्रमानंच कागद घालत गेली. काम संपल्यावर ती मुलगी कॉम्प्युटरपुढं बसली. शिवणयंत्र पळावं तसा तो आवाज भराभर वाचायचा. मला ओ की ठो कळेना. तिला सगळं कळायचं. पाच मिनिटांत ती हसायला लागली.

“ताता, तुमच्या पुस्तकात राजा आधी मरतो, मग गादीवर बसतो, मग पुन्हा मरतो!”

चूक माझी. सोळा पानांच्या जुडीतलं बाहेरचं जोडपान उलगडलं की पहिल्या पानाशेजारी सोळावं येतं, हे मला झोपेतसुद्धा माहीत. पण माझ्या डोळ्यांपुढं पुढची शिवण होती, वाचणारा नव्हता. नात म्हणाली, “एक कागद हलवायचा नाही, नाही का आजोबा?” खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसलो नि सांगत गेलो, “डावीकडं सोळा, उजवीकडं एक. पाठीमागं दोन नि पंधरा. पुढचा कागद, डावीकडं चौदा, उजवीकडं तीन...” मुलं पडद्यावर पानं कापून जागच्या जागी लावत होती. दोन दिवस लागले. दर प्रकरणाला ती मुलगी कान देऊन म्हणायची, “आता राजा वेळेवर मेला.”

त्या दोन दिवसांत मी त्या पोरांना नीट पाहिलं. स्वतःचा अभ्यास सोडून बसलेली. कोणी डबा आणायचा, तो सगळे मिळून खायचे. त्यातल्या एकालाही ते पुस्तक ऐकायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी अड्यारच्या बस डेपोजवळ ती सगळी टेबल मांडून सह्या घेत उभी होती. कायद्यात आंधळ्यांसाठी सोय करा, असा दिल्लीला अर्ज होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नात म्हणाली, “आजोबा, जमलं तर इंग्रजीत करा सही. दिल्लीवाल्यांना तुमची मोडी वाचता येणार नाही.”

“नाही आली तर त्यांनीही कोणाला तरी वाचून दाखवायला सांगावं,” मी म्हणालो. ती मैत्रीण शेजारीच उभी होती, इतकी हसली की टेबल हललं. वडिलांनी शिकवलेल्या मोडी अक्षरात मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

ती मैत्रीण पास झाली. पेढे घेऊन आली त्या दिवशी मी पुस्तक शिवून तयार ठेवलं होतं. तिनं कण्यावरून बोट फिरवलं, गाठ शोधली. या खेपेला तिला सापडायला वेळ लागला.