उथळ पाण्यात सासूबाई

सव्वीस वर्षं मावशीने नर्सबाईंना लांब बांबूच्या जोरावर होडीतून नदीपार नेलं. नर्सबाया बदलल्या, साहेब बदलले, होडीच्या फळ्याही दोनदा बदलल्या, मावशी तीच. आणि तिचा नियमही तोच: पाणी उथळ दिसलं की हळू.

मग आरोग्य केंद्राला जेट बोट आली. हिला पाण्यात फिरणारा पंखा नाही. पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागून झोत फेकायचा. सोबत वरून कागद आला: आठ दिवसांत बोट चालवायची परीक्षा द्या, नाहीतर केंद्रात बाटल्या धुवा. कागद काढणाऱ्याने नदी नकाशावर पाहिलेली. नकाशात नदी निळी असते आणि सगळीकडे सारखीच खोल!

मावशी भडकली. "बाटल्या त्यांच्या साहेबाला धुवायला सांगा."

शिकवायला माणूस मिळाला तो मावशीचा जावईच. इंजिनाचा पक्का मेकॅनिक. खोट एकच: सासूसमोर त्याच्या तोंडात मिठाची गुळणी, आणि उघडलंच तर नुसता आदर.

"सासूबाई, आपल्याला वाईट वाटणार नसेल, तर इथे थोडा वेग..."

खर्रर्र! वाक्य संपायच्या आत बोट गोट्यांवर बसलेली.

जावई पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला आणि आकड्याने जाळीतले गोटे उपसत समजावू लागला. "हिचं सगळं उलटं आहे, सासूबाई. वेगात असली की वर उचलली जाते, वीतभर पाण्यावरूनही जाते. वेग काढला की म्हशीसारखी बसते. झोत बंद पडला की वळतही नाही."

डोक्यात शिरलं, हातात शिरेना. खळाळतं पाणी दिसलं की मावशीचा हात आपोआप वेगाचा दांडा मागे ओढायचा. चार दिवसांत जावयाने इतके गोटे उपसले, की घराचा पाया भरला असता.

"ओरड ना तिच्यावर!" लेक म्हणाली.

"तुझ्या आईवर? मला या घरात अजून जेवायचंय."

शेवटी मावशीनेच फर्मान काढलं. "जावईबापू, बोटीत मी सासू नाही, शिकाऊ आहे. तुमच्या गॅरेजात शिकाऊ पोरांशी बोलता तसं बोला."

सहाव्या दिवशी, त्याच गोट्यांच्या उथळावर, दांडा मागे यायला लागला आणि जावयाचा बांध फुटला. "अगं म्हातारे, रेट की! काय बघतेस?"

मावशीने दचकून दांडा पुढे रेटला. बोट वर उचलली गेली, गोट्यांवरून सपकन पलीकडे! जावई जीभ चावून पांढराफटक.

"असं बोला की!" मावशी खूश. "पाच दिवस कुठे होतात?"

परीक्षेच्या दिवशी जावयाला बोटीत मज्जाव. परीक्षक पुढे बसला, मांडीवर छापील तक्ता घेऊन. मागे नर्सबाई, लसींचा डबा सांभाळत; परीक्षा असली म्हणून पलीकडची लेकरं थोडीच थांबणार?

उथळ आलं. तळाचे गोटे दिसताच परीक्षक किंचाळला, "हळू! बाई, हळू! नियम आहे!"

सव्वीस वर्षांचा हात मागे यायला निघालाच होता. मावशीने दुसऱ्या हाताने त्याला धरलं आणि दोन्ही हातांनी दांडा पुढे रेटला. बोट पार झाली. परीक्षक नखशिखांत भिजला.

"नापास!" त्याने तक्ता दाखवला. "हे वाचा. 'उथळ पाण्यात वेग कमी करतो.' तुम्ही वाढवलात."

"तो तक्ता पंख्याच्या बोटीचा असेल, साहेब. ही वेगळ्या जातीची आहे."

"मला शिकवू नका! व्हा बाजूला, दाखवतो."

मावशी मुकाट बाजूला झाली. साहेबाने बोट वळवली, त्याच उथळावर आणली आणि नियमाप्रमाणे वेग कमी केला.

खर्रर्र.

खाली पाणी खळखळत होतं.

"आता?" परीक्षकाने विचारलं.

"आता बूट काढा," मावशी म्हणाली. "आकडा तिथे आहे. मी उतरले असते, पण मी नापास आहे ना."

नर्सबाईंनी डबा उघडून आतला बर्फ पाहिला. "साहेब, तासभर टिकेल. काय ते लवकर करा."

परीक्षक उतरला. गोटे काढले, बोट खोल पाण्याकडे ढकलली, धापा टाकत वर चढला. ओला तक्ता मांडीवर घेऊन त्याने ती ओळ शोधली. मग 'कमी करतो' खोडून 'कमी करत नाही' लिहिलं, बाजूला 'आणि करूही नये' असा शेरा मारला, आणि खाली 'पास' लिहून सही केली.

मावशीने दांडा पुन्हा हातात घेत सही निरखून पाहिली. "तारीख राहिली," ती म्हणाली. "आणि घट्ट धरून बसा."