नॅटची उजवी बाजू

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवीन कचेऱ्या उघडत होत्या, कुठे शाळेच्या जुन्या खोल्यांत तर कुठे एखाद्या गोदामाच्या माडीवर, आणि माणसं कमी पडत होती. त्या भरतीत मला ट्रेसरची नोकरी लागली. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने हुबेहूब उतरवायचा, एवढंच काम. नांदेडहून एसटीने आले तेव्हा माझ्यासोबत एक ट्रंक, ड्रॉइंगची पेटी आणि सुतळीने बांधलेला एक खोका होता. खोका मी टपावर चढवू दिला नाही. सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसले.

खोली मिळाली ती एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी, माडीवर. घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. गंजात, म्हणजे बाजारपेठेत, त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांची बायको, आक्का, पहिल्याच दिवशी वर आली आणि खोक्यात डोकावली.

"अगं बाई, ही काय भातुकली हाय?"

"विमानं आहेत, आक्का. लढाईची."

"पोरीची जात अन् लढाईची विमानं?" ती म्हणाली आणि एक उचलून त्याच्या पोटाकडून बघू लागली. "लई हलकं हाय की."

हलकं असणारच, ते सावरीच्या लाकडाचं होतं. माझी मोठी बहीण किनवटला वसतिगृहाच्या शाळेत शिकवायची, ती येताना सावरीचे तुकडे घेऊन यायची. सावर कापसासारखी मऊ, ब्लेडनेसुद्धा तासता येते. लहानपणी हैदराबादच्या काकांनी भावासाठी प्लास्टिकचं जोडायचं विमान आणलं होतं. त्याच्या बोटांना गोंद चिकटला, तो वैतागला आणि खोकं माझ्याकडे आलं. ते मी जोडलं. नंतर तसं खोकं पुन्हा मिळेना, म्हणून मी मासिकांतली चित्रं मोजून लाकडाचीच करायला लागले. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी. म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंच. हे माप एकदा डोक्यात बसलं की रस्त्यावरचा ट्रक, देवळाचा कळस, सगळं मी मनातल्या मनात बहात्तरने भागत असे.

ती वर्षं दुष्काळाची होती. नळ कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबला की आक्का आणि मी कळश्या घेऊन पळायचो. माझ्या छंदाला पाणी लागतं. शेवटची घासणी पाण्याचा पॉलिश पेपर भिजवून करावी लागते, तरच पंख काचेसारखा गुळगुळीत होतो. आक्काकडे पाणी मागायची मला लाज वाटे. मी तांदळाचं धुवण एका वाटीत काढून ठेवायचे आणि तेच पुरवायचे. पांढरं पाणी निळसर होईपर्यंत वापरायचं आणि मग कुंडीतल्या तुळशीला.

घरात आणखी एक माणूस होतं. अप्पांचे धाकटे भाऊ. त्यांना मी काका म्हणायचे. बरीच वर्षं हवाई दलात, विमानांची देखभाल करणाऱ्या लोकांत काढून ते परत आले होते. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी दुकानात जात, दुपारी येऊन ओसरीवर पेपर वाचत बसत. बोलणं फार कमी. आक्कानेच सांगितलं म्हणून मला त्यांची नोकरी कळली.

त्या वर्षी हैदराबादच्या काकांनी माझ्यासाठी पुन्हा एक प्लास्टिकचं खोकं पाठवलं. नॅट. हे छोटं लढाऊ विमान आपल्याकडे फार गाजलेलं, म्हणून मी हरखून गेले. भाग सुटे करून ओसरीवर उजेडात मांडले होते. काकांनी पेपर खाली केला.

"हे आपलं नाही," ते म्हणाले.

"नॅटच आहे, काका. खोक्यावर लिहिलंय."

"दोन खुर्च्या आहेत बघ. हे शिकाऊ पोरांचं विमान. विलायतेतलं. आपल्या नॅटमध्ये एकच माणूस बसायचा."

मी खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं. खरंच, एकामागे एक दोन खुर्च्या. पंखही मोठे, शेपूटही मोठी. परत पाठवायचं तर शक्य नव्हतं. मग मी ठरवलं की ह्याचंच आपलं विमान करायचं. मासिकातल्या पानावर एका खुर्चीच्या नॅटचे तीन बाजूंनी काढलेले आराखडे होते. ते मी मापाने मोठे करून ट्रेसिंगवर उतरवले, आणि हॅक्सॉच्या पात्याने ते नवंकोरं धड मधोमध कापलं. दुसरी खुर्ची जिथे होती तेवढा तुकडा काढून टाकला. पंख चारी बाजूंनी कातरले. फटी बुजवायला वार्निशात टाल्कम पावडर कालवून लुकण केलं. सगळ्यात अवघड झाली ती वैमानिकाच्या डोक्यावरची काच. सावरीचा साचा करून त्यावर शर्टाच्या डब्याचं पारदर्शक झाकण स्टोव्हवर तापवून दाबायचं. झाकण कधी जळायचं, कधी फाटायचं. अप्पांच्या कापडवाल्या मित्राकडची सगळी रिकामी शर्टखोकी माझ्याकडे आली तेव्हा कुठे एक काच नीट निघाली.

काका रोज दुपारी खुर्ची थोडी जवळ ओढून बसायला लागले. काही सांगत नसत, बघत असत. विमान जोडून झालं, मी त्यावर करडा हात दिला आणि चांदीरंगाची बाटली उघडली, तेव्हा मात्र ते बोलले.

"चांदीचं नको. लढाई लागली तेव्हा हुकूम आला, सगळी विमानं हिरवी करा. लपवायला. आम्ही ब्रशने रंगवली. एकासारखं दुसरं नव्हतं."

"मग ह्याच्यावर कसा रंग होता?"

"माझ्याकडे जे विमान होतं त्याचं सांगतो."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि डाव्या बाजूवर हिरव्या पट्ट्यांच्या कडा आखल्या, न थांबता. कॉकपिटच्या खाली दोन बारीक उभ्या रेघा दाखवून म्हणाले, "इथं हिरवा नको. चांदीचा हात देऊन राहू दे."

"का?"

"राहू दे."

मग मी विमान फिरवलं. उजवी बाजू कोरी होती. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ही मला नाही ठाऊक. ही बाजू माझ्या जोडीदाराने रंगवली."

डावी बाजू रंगवून वाळली तरी उजवी तशीच करडी राहिली. मी म्हटलं, अंदाजाने करते. काकांनी मान हलवली. "अंदाजाने नको. तो उमरीला असतो. स्टेशनजवळ मोटारी दुरुस्त करतो, विहिरीवरच्या." एवढं बोलून ते आत गेले.

त्या संध्याकाळी टँकरच्या रांगेत आक्काने मला सगळं सांगितलं. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच विमानावर काम केलेले. जोडीदाराची एक बहीण होती. सुट्टीत उमरीला जाऊन येऊन काकांचं मन तिच्यावर बसलं आणि दोघा मित्रांनी परस्पर ठरवूनही टाकलं. पण जात वेगळी. इथे आक्काच्या सासूबाईंनी, म्हणजे काकांच्या आईने, ऐकून घेतलं नाही. जोडीदार स्वतः बोलणी करायला आला होता, त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं.

"मी नवी नवरी होते. पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले तर सासूबाईंनी डोळ्यानंच माघारी धाडलं. त्यो तसाच तहानेला गेला बघ. तवापासून ह्या दोघांचं बोलणं न्हाई."

दिवाळीला मी नांदेडला निघाले. सकाळी काकांनी विमान स्वतःच्या हाताने कापसात गुंडाळून चपलांच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं माझ्या पिशवीशेजारी ठेवून दुकानात निघून गेले. ते उमरीला न्यायचं, हे मला कळलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बदलताना कंडक्टरने विचारलं, "कोंबडीची पिल्लं हायत का बाई? तिकीट पडंल." मी झाकण उघडून दाखवलं. तो हसला आणि पुढची सीट दिली.

नांदेडहून उमरी रेल्वेने जवळच. स्टेशनबाहेर विचारलं तर लोकांनी "फौजीचं दुकान" म्हणून बोट दाखवलं. पत्र्याच्या शेडमध्ये एक रुंद खांद्यांचा माणूस मोटारीची तार गुंडाळत बसला होता. मी लातूरहून आले असं सांगितल्यावर त्याने वर पाहिलं नाही. मी खोकं त्याच्यासमोर उघडून ठेवलं.

त्याने हात रॉकेलने धुतले, पुसले, चष्मा लावला आणि विमान उचललं. कॉकपिटखालच्या दोन चांदीच्या रेघांवर त्याची नजर गेली आणि तो मोठ्याने हसायला लागला. आतून त्याची बायको बाहेर आली.

"ह्या रेघा कुणी सांगितल्या?"

"काकांनी. का ते सांगितलं नाही."

"कसा सांगल! शिडी काढलीच नव्हती त्यानं. शिडी लावलेली तशीच ठिवून रंगवून मोकळा. मागून शिडी उचलली तर खाली दोन पट्टे कोरे. साहेब म्हणाला, हे काय, झेब्रा बनवून राहिलात का तुम्ही? रंग तर संपलेला. विमान तसंच गेलं वर."

"आणि परत आलं?"

"दर खेपेला आलं. हाव. आमचं विमान दर खेपेला परत आलं."

मग त्याने उजवी बाजू आखली. काकांसारखी सरसर नाही, डोळे मिटून आठवत, खोडत, पुन्हा काढत. त्याच्या बायकोने मला भाकरी आणि ठेचा वाढला. जेवण झाल्यावर तो खोकं बांधत म्हणाला, "लग्न केलं का त्यानं?"

"नाही."

त्याने गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "बहीण माझी चांगल्या घरी हाय. तिच्या पोरीचं लग्न काढलंय उन्हाळ्यात. सांगा त्याला. म्हणावं, मनात काय न्हाई तिच्या."

लातूरला आल्यावर मी काकांना आधी शिडीचं सांगितलं. ते हसले. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं, दातांमधली एक फट तेव्हा पहिल्यांदा दिसली. मग बहिणीचं सांगितलं. ते पेपरची घडी घालत राहिले. "बरं झालं," म्हणाले. "बरं झालं."

उजवी बाजू मी रंगवली. उन्हाळा लागला, गल्लीतली बोअरही आटली. एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि त्यातून उमरीचे फौजी उतरले. एका हातात लग्नाची पत्रिका, दुसऱ्या हातात मोठा कॅन. काका ओसरीवर उभेच राहिले.

फौजींनी कॅन पायरीवर ठेवला. "तुमच्याकडं पाणी न्हाई ऐकलं. माझ्या हिरीचं आणलंय. मी माझं पाणी घेऊन आलो, तुमच्यावर भार नको."

अप्पा दारात आले होते. त्यांनी कॅनकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत आक्का पदर खोचून खाली उतरली. तिने कॅन उचलला, आत नेला आणि घरच्या माठात ओतला. थोडं भांड्यात घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. मग तांब्या भरून बाहेर आली आणि आधी फौजींना दिला.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "लई वर्षं झाली."

काका टेकले तसे अप्पा त्यांच्या शेजारी बसले. चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनीच उचलला. फौजींचे डोळे भरले होते, ते त्यांनी खांद्यावरच्या शेल्याने पुसले आणि कडक आवाजात म्हणाले, "कुठाय ते विमान? बघू, पोरीनं नीट केलंय का."

मी विमान आणलं. दोघांनी ते मधे धरलं आणि लगेच भांडण सुरू झालं. डावीकडचा पट्टा आणि उजवीकडचा पट्टा पाठीवर जुळत नव्हते. काका म्हणत, तुझा पट्टा मागे होता. फौजी म्हणत, तुझाच पुढे गेला, तुला घाई. आक्का म्हणाली, खऱ्या विमानावर तरी जुळले होते का? मग फौजी म्हणाले, "न्हाई बहुतेक." मी पाठ आहे तशीच ठेवली.

लग्नाला काका गेले. आक्काने त्यांचा पांढरा शर्ट परीटघडीचा करून दिला होता. दोन दिवसांनी परत आले तेव्हा मी माडीवरून धावत खाली आले. आक्काही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"कसं झालं लग्न?"

"पंगत चांगली होती," काका म्हणाले. चपला काढून ते खुर्चीत बसले. आम्ही दोघी तशाच उभ्या. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिनं आधी ओळखलंच नाही. भावानं सांगितलं तेव्हा जवळ आली. मला वाटलं, आता काय बोलते कुणास ठाऊक. म्हणाली, अहो, तुम्ही इतके टकले कसे झालात?"

आक्का तोंडाला पदर लावून हसली. काकाही हसले, आणि डोक्यावरून हात फिरवत राहिले.