शून्य आकड्याची बाटली

माझ्या साडूला सिगारेट सोडायची होती, आणि ती त्याला सुटू नये अशी तजवीज मी केली. बायकोला हे मी अलीकडेच सांगितलं. ती म्हणाली, तुमच्याकडून चूक झाली असेल. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. चूक कशी होते ते मला माहीत आहे. नमुन्यांची अदलाबदल होते, घाईत आकडा चुकीचा टिपला जातो. हे तसं नव्हतं. दुकानात उभं राहून, हातातल्या बाटलीवरचा आकडा नीट वाचून, मी ते केलं.

आमची सासुरवाडी पुणतांब्याची. मळ्यात पेरूची बाग, दोन मुली. थोरली मला दिली, धाकटी काष्टीच्या एका शेतकऱ्याला. मधली सहा वर्षं मी त्या घरातला एकटा जावई होतो. मी गेलो की खुर्ची पुसली जायची, नवा टॉवेल निघायचा, सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून ‘जावईबापू, घ्या की’ म्हणायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. मला वाटायचं, जावयावर माया करतात ती अशीच करत असावेत.

मग हा आला. दुसऱ्याच फेरीला बोअरची मोटर बिघडली, तर नवे कपडे तसेच वर खोचून सासऱ्यांबरोबर पाईप ओढायला लागला. संध्याकाळी चुलीपुढे पाटावर बसून त्याने सासूबाईंकडे गरम भाकरी मागितली आणि त्या म्हणाल्या, ‘आरं, हात तरी धू.’ माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून कधी ‘आरं’ आलं नव्हतं. मी ओसरीवर खुर्चीत बसून ते ऐकलं. पुढे कित्येक वर्षं मी तिथेच बसून ते ऐकत राहिलो. माझी बायकोसुद्धा त्याच्या थट्टेला जितकी हसायची तितकी माझ्या बोलण्याला कधी हसली नाही. मी कधी विनोद करायचो नाही, हेही खरं.

आम्हा दोघांना जोडणारी गोष्ट एकच, सिगारेट. सासऱ्यांसमोर ओढायची नाही म्हणून जेवण झालं की दोघं गोठ्यामागे जायचो. मी दिवसाला दहा, तो दोन पाकिटं. तिथे तो बोलायचा, मी ऐकायचो, आणि तेवढा वेळ तो मला आवडायचा.

नगरच्या डॉक्टरांनी एकदा त्याला नळीत फुंकायला लावलं आणि कागद दाखवून सांगितलं, आता बंद करा. पुढच्या खेपेला आम्ही सगळे पुणतांब्याला असताना, जेवणाच्या पंगतीत त्याने ही गोष्ट स्वतःच काढली. येणाऱ्या उन्हाळ्यात अधिक महिना होता. आमच्याकडे त्या महिन्यात जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, अनारशांचं वाण देतात. तो सासूबाईंना म्हणाला, ‘धोंड्याला पाटावर बशीन तवा तोंडाला वास येनार न्हाई. आला तर उठवा मला.’ सासूबाई वाढता वाढता थांबल्या, त्याच्या चेहऱ्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. सासऱ्यांनी मान डोलावली. माझी बायको माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघा.’

त्याच्या आधी चार महिने मी गुपचूप सिगारेट कमी करत होतो. दहावरून सहावर आलो होतो. पूर्ण सुटली की मगच सांगायचं, असं ठरवलं होतं. मनात त्या घरातला तो क्षणसुद्धा मी रंगवून ठेवला होता. आणि याने अजून एकही कमी न करता, नुसतं बोलून, तो क्षण घेऊन टाकला. त्या रात्री गोठ्यामागे गेलो तेव्हा त्याने मला काडी पेटवून दिली. ‘दोघं मिळून सोडू’ म्हणाला. मी हो म्हटलं.

तेव्हा ई-सिगारेटवर बंदी आलेली नव्हती. सिगारेट सोडायला लोक ती ओढतात, असं त्याने मोबाईलवर कुठेतरी बघितलं आणि मला फोन केला. पुण्यात दुकान आहे, आपण जाऊ; तुम्ही लॅबमधला माणूस, तुम्हाला त्यातलं कळेल, मला इंग्रजी लेबलं वाचता येणार नाहीत. मी साप्ताहिक सुट्टी बघून दिवस ठरवला. त्याच्या पिकअपमधून आम्ही दौंडमार्गे गेलो. वाटेत त्याने पाच ओढल्या, शेवटच्या म्हणून. प्रत्येक वेळी ‘ही शेवटची’ म्हणायचा आणि हसायचा.

दुकान कॅम्पात होतं. आत काचेच्या कपाटात मांडणी घड्याळाच्या दुकानासारखी. काही यंत्रं पेनासारखी बारीक, काही टॉर्चएवढी जाड. साडूने सर्वांत जाड यंत्र उचललं, वजन करून पाहिलं आणि म्हणाला, ‘ह्याच्यावर तर इहिरीवरची मोटर चालंल.’ दुकानदारही हसला. चष्मेवाला, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. म्हणाला, जाड यंत्र शौकिनांचं. धूर खूप निघतो आणि आतली तापणारी तार, कॉइल, बदलत बसावी लागते. पहिल्यांदा घेणाऱ्याने साधं पेन घ्यावं. ओढलं की चालू, सोडलं की बंद. आम्ही तशी दोन पेनं निवडली. त्याने काळं घेतलं, मी राखाडी.

एवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं की पिकअप रस्त्यात आहे. साडू गाडी हलवायला गेला. तेवढ्या वेळात दुकानदाराने मला मुख्य गोष्ट सांगितली. भरायच्या द्रवाच्या बाटल्या मागच्या फळीवर होत्या. प्रत्येकीवर आकडा होता: शून्य, तीन, सहा, बारा, अठरा. आकडा निकोटिनचा. दिवसाला पाकीट-दोन पाकिटं ओढणाऱ्याने एकदम खालचा आकडा घेऊ नये, तो त्याला पुरत नाही. तलफ तशीच राहते, चार दिवसांत माणूस सिगारेटकडे वळतो. वरून सुरू करून हळूहळू खाली यायचं. शून्य अगदी शेवटी. ‘तुमच्या मित्राला अठरा द्या,’ असं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मी फळीपुढे उभा राहिलो. माझ्यासाठी सहाची बाटली काढली, पुदिन्याची. मग अठराच्या बाटलीवर हात ठेवला. तो हात तिथे किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मला पुणतांब्याची पंगत दिसत होती. अनारशांचं ताट त्याच्या पुढ्यात आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. मी अठरावरचा हात काढला आणि शून्याची बाटली उचलली. तिच्यावर आंब्याचं चित्र होतं.

साडू आला, बाटली उलटसुलट बघून म्हणाला, ‘शून्य म्हंजी काय वो?’

मी म्हणालो, ‘साखर नाही त्यात.’

साखरेच्या कारखान्यातल्या माणसाने सांगितलं. त्याने मान हलवली, बाटली खिशात ठेवली आणि दुकानदाराला काही विचारलं नाही. त्याच आकड्याच्या आणखी चार बाटल्या मी त्याला बांधून दिल्या.

पुढचं मला फोनवरून कळत गेलं. माझी मेव्हणी बायकोला सांगायची, बायको मला. पहिल्या आठवड्यात झोप गेली. दिवसभर ते पेन ओढायचा, लवंगा चघळायचा, आणि कुणी हाक मारली तरी अंगावर धावून जायचा. एकदा तो स्वतः फोनवर बोलला. तुमची कशी काय, म्हणून विचारलं. मी म्हणालो, सुटत आलीय. ‘मला तर निस्ती वाफ वढल्यागत वाटतं वो,’ तो म्हणाला. तेव्हा एका वाक्यात सगळं दुरुस्त करता आलं असतं. मी म्हणालो, सुरुवातीला तसंच वाटतं, मन घट्ट करा. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. हे लिहिणं भाग आहे, कारण नंतर वाईट वाटलं एवढंच सांगितलं तर ते अर्धं खोटं होईल.

चाळीस दिवस त्याने ते रेटलं. एकेचाळिसाव्या दिवशी काष्टीच्या बाजारात बैलांच्या रांगेमागे सिगारेट ओढताना त्याला चुलत भावाने पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. पेन त्याने विहिरीत फेकलं.

अधिक महिना आला. आम्ही दोघं शेजारी पाटांवर बसलो. माझ्या सिगारेटी बंद झाल्या होत्या आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पहिल्यांदाच. सासूबाई वाण देताना म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमी शब्द न देता करून दाखवलं.’ मी ज्याची वाट पाहिली होती ते असं समोर आलं. मग त्या त्याच्याकडे वळल्या. त्याने मान खाली घातली होती. त्या म्हणाल्या, ‘आरं, तुला मी काय म्हनू? जीव हाय का न्हाई तुला?’ आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला तेव्हा काय वाटलं असेल? लाज वाटायला हवी होती. मला पुन्हा हेवाच वाटला. माझं कौतुक करताना त्या पदर सारखा करत होत्या आणि त्याला बोलताना रडत होत्या. घास गिळता गिळता मी विचार करत होतो की या बाईच्या डोळ्यांत माझ्यासाठी कधी पाणी येणार.

पुढच्या वर्षी देशभर बंदी आली. दुकानं बंद झाली. तोवर मी तीनवर आलो होतो. उरलेली बाटली पुरवून पुरवून संपवली आणि तेही सुटलं. त्याने मात्र नंतर कधी प्रयत्न केला नाही. आम्ही भेटायचो, पण जेवणानंतर तो गोठ्यामागे एकटा जायचा. मीही जायला उठलो की म्हणायचा, तुम्ही बसा, तुमची सुटलीय, कशाला धुरात येता. हे तो प्रेमाने म्हणायचा.

या वर्षी माझ्या मेव्हणीचा फोन आला. त्याला चार पावलं चढावर दम लागतोय. डॉक्टर म्हणालेत की आता थांबला नाहीत तर फुप्फुसं पुन्हा सुधारणार नाहीत. तंबाखू सोडवायची गोळी आहे, च्युइंगम आहे, दर आठवड्याला समुपदेशनाला येऊन बसा. तो जायला तयार नाही. ‘दाजी, तुमी समजवा,’ ती म्हणाली. ‘तुमची सुटली, तुमचं ऐकतील.’

मी दुसऱ्या दिवशी सकाळी काष्टीला गेलो. तो लिंबाच्या बागेत गोणपाटावर बसून लिंबं निवडत होता, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे. तोडणीच्या बायका लांबच्या ओळीत होत्या. मी समोर बसलो आणि तयार करून आणलेलं बोलायला लागलो: डॉक्टर, गोळी, मुलांकडे बघा. त्याने मधेच थांबवलं.

‘साडूभाऊ, तुमी शिकलेलं हाय. तुमाला राग यील, पर आता ह्ये नका सांगू. म्या करून बघितलंय. चाळीस दिस. तुमचं आन माझं एकाच दुकानातलं यंत्र, एकाच दिवशी घेतल्यालं. तुमची सुटली, माझी न्हाई सुटली. म्हंजी खोट माझ्यात हाय. आता त्या डाक्टरापुढं बसून पुन्हा तोंडघशी पडायचं व्हय?’

सात वर्षं तो हे असं धरून बसला होता. मी त्याची सिगारेट चालू ठेवली एवढंच मला माहीत होतं. त्याच्या मनात हे पेरलं होतं ते माहीत नव्हतं. आणि आता तो डॉक्टरांकडे जाणार नव्हता ते याच एका कारणासाठी.

मी सांगितलं. बाटलीवरचा आकडा कशाचा होता, तो गाडी हलवायला गेला तेव्हा दुकानदार काय म्हणाला, मी कुठल्या बाटलीवरून हात काढला. तुमच्या बाटलीत औषध नव्हतंच, मी म्हणालो, माझ्या बाटलीत होतं.

त्याच्या हातात लिंबू तसंच राहिलं. ‘म्हंजी चाळीस दिस म्या वाफच वढत हुतो?’

‘हो.’

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खूप वेळ टिकला, आणि तो थांबला तेव्हा हसू गेलेलं होतं.

‘त्या दिसांत आईनं वाढल्यालं ताट लाथाडलं म्या,’ तो म्हणाला. ‘भरल्यालं. भाजीत मीठ कमी हुतं म्हनून. ती काय बोलली न्हाई, खाली बसून शितं येचत राहिली. पुढच्या साली गेली. मला वाटायचं, आपली जातच असली.’

मी म्हणालो, मला तुमचा हेवा वाटायचा. पुणतांब्याला तुम्ही आलात की घर जागं व्हायचं आणि मी आलो की घर सावरून बसायचं. मग मी आणखी बरंच बोललो, माझ्या चार महिन्यांबद्दल, पंगतीबद्दल. तो ऐकत होता. माझं बोलणं संपल्यावर त्याने हातातलं लिंबू मोठ्यांच्या ढिगात टाकलं.

‘ह्ये झालं तुमी का केलं त्ये,’ तो म्हणाला. ‘फुडं?’

मी वयाने मोठा, नात्याने थोरला. मी हात जोडले.

‘माझं चुकलं. जाणूनबुजून केलं मी. खोट माझ्यात होती, तुमच्यात कधीच नव्हती. औषधाशिवाय तुम्ही चाळीस दिवस काढलेत, मला ते चार दिवससुद्धा जमलं नसतं. म्हणून डॉक्टरांकडे चला. आणि मला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मी माफी मागतो.’