दोन अंशांवरची तीन घरं

साळुंखे सर गेल्याचा फोन सांगलीहून, त्यांच्या मुलीकडून आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे कबूल करतो. पहिला विचार आला तो धोंड्याचा... आता कोण मोजणार?

साताऱ्यात किल्ल्याच्या उतारावर आमची तीन घरं : सरांचं, माझं आणि सुभेदार निकमांचं. वर ऐंशी फुटांवर, उतारावर टेकलेला नऊ फुटी धोंडा. चौऱ्याण्णव साली आम्ही राहायला गेलो, तेव्हा मी म्हणालो, "इतकी वर्षं हलला नाही, म्हणजे पक्का आहे." सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. ते हसले नाहीत. "थांबलाय म्हणजे त्याला कोणी ओढत नाही, असं नाही. वजन त्याला आत्ताही खाली ओढतंय. बुडाशी घर्षण तेवढ्याच जोरानं धरून आहे, एवढंच." मग त्यांनी एका फळीवर तिथली माती थापली, वर त्याच धोंड्याची कपची ठेवली आणि फळी तिरकी करत नेली. कोरड्या मातीवर कपची चौतीस अंशांना घसरली, ओल्या मातीवर एकोणतीसला. आमचा उतार सत्तावीस. तेव्हापासून पावसाळ्यात मला त्या दोन अंशांशिवाय काही सुचत नसे. दर रविवारी सर वर जाऊन धोंड्यापासून एका खुंटीपर्यंतचं अंतर टेपनं मोजत आणि खाली येऊन म्हणत, "जागेवर आहे." मग कुठे मला जेवण जाई.

एका मे महिन्यात सुभेदारांनी दोन गडी लावून धोंड्याच्या पायथ्याशीच चर खणायला घेतला. आधाराची भिंत बांधायची होती. हेतू चांगलाच होता. सर धापा टाकत वर चढले, मागोमाग मी.

"सुभेदार, थांबवा! ज्या मातीनं त्याला धरलंय, तीच काढताय."

"आवं सर, लय भिताय बघा तुमी. आमी रणगाड्यांम्होरं उभं राहिलोय. ह्यो तर नुसता बसलेला हाय!"

 सर चरात उतरले आणि धोंड्याला पाठ लावून बसले. "खणा आता."

गड्यांनी पहारी खाली टाकल्या. सुभेदारांचा चेहरा उतरला. "उठा सर... पाया पडतो तुमच्या." चर त्याच दिवशी दगडमाती ठोकून भरला. हा माणूस घाबरतच नाही, असं मी त्यानंतर समजत राहिलो.

परवा सरांच्या पत्नी, वहिनी, सांगलीहून परतल्या, तेव्हा त्यांना भेटायला शेजारी गेलो. डोंगराकडच्या खोलीत एकच खाट होती. "पावसाळाभर ते इथंच झोपायचे," वहिनी म्हणाल्या, "आणि आम्हाला पुढच्या खोलीत झोपवायचे. म्हणायचे, आला तर आधी इथं येईल. मी ओरडलो की तुम्ही पळा... चार-चार महिने डोळ्याला डोळा नसायचा त्यांचा."

घरी येऊन मी मुलांच्या गाद्या पुढच्या खोलीत नेल्या आणि माझी खाट डोंगराकडच्या भिंतीला लावली.