तळाचं मूठभर भात

२०१६च्या मे महिन्यात मी सायवनकडच्या आदिवासी पाड्यांवर धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या पोचवत होतो. तिथल्या एका म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण ती अजून डोळ्यांसमोर आहे.

नवी कोठी भरायची म्हणून तिची बांबूची कणगी रिकामी करायची होती. दार वाजवावं तशी तिने आधी बोटांनी कणगी वाजवली आणि आवाजावरून किती भात उरलंय ते सांगितलं. मग ती आतच उतरली. वरून नुसता पांढरा अंबाडा दिसत होता आणि सुपामागून सूप भात बाहेर येत होतं.

"झालं," म्हणत ती बाहेर आली. मी वाकून पाहिलं, तर तळाशी मूठभर भात होतं.

"आजी, हे राहिलं की!" मी उत्साहाने ते झाडून काढलं आणि अंगणात कोंबड्यांना टाकलं.

ती कोंबड्या हाकलून धुळीतला एकेक दाणा वेचायला बसली. मीही बसलो.

"कणसरीचं होतं ते," ती म्हणाली. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. "नवं भात येईपर्यंत ती त्याच्यावर बसून राहते. तू उठवलंस तिला."

कशीबशी अर्धी मूठ जमली. ती तिने कणगीत परत ठेवली.

"बसेल का आता?" मी विचारलं.

"बसेल. पण अवघडून."

त्या वर्षी कापणी होईपर्यंत मला रोज वाटायचं, माझ्यामुळे कुणीतरी अवघडून बसलंय.