काय म्हणतं फडकं?

बंदुकीच्या नळीतून दोरीला बांधलेलं फडकं ओढून काढायचं, समोरच्याच्या नाकाशी धरायचं आणि विचारायचं, "काय म्हणतं फडकं?" मुरबाडच्या आमच्या कॉलेजात तुम्ही कधी आला असतात, तर काकांनी तुम्हालाही विचारलं असतं. पांढरं म्हणालात तर सुटलात. पिवळं म्हणालात तर पुन्हा पहिल्यापासून.

काका मूळचे खर्डीकडचे, फौजेत हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले. आमच्या कॅडेट पथकाच्या शस्त्रांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आणि पथक माझ्याकडे. म्हणजे कागदावर; मला बंदुकीचं पुढचं टोक कुठलं, एवढंच कळायचं.

एका उन्हाळ्यात कवायतीसाठी वीस जुन्या रायफली आल्या. पेटीत गंजू नयेत म्हणून कधीकाळी अंगभर ग्रीस थापलेलं, ते वाळून चिक्कीसारखं झालेलं. काका रजेवर होते. पथकातल्या मुलींनी हौसेने एक रायफल काढली आणि राखेने घासली! काका आले, लोखंडावरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "गो पोरींनो, बंदूक हाय ती, भाकरीचा तवा नाय!"

मग त्यांनी शिकवलं. लोखंड डिझेलने धुवायचं. लाकडी दस्ता काळ्या कापडात गुंडाळून उन्हात ठेवायचा; आत मुरलेलं ग्रीस वर आलं की तो भाताच्या तुसात पुरायचा.

"हे फौजेत शिकलात?" मी विचारलं.

"नाय सर. आईकडनं. घरात तेल सांडलं की ती तूस टाकायची."

वरचे साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी शेवटची रायफल पथकातल्या वृषालीच्या हातात होती. काकांनी फडकं तिच्यापुढे धरलं. मी शेजारीच होतो. फडकं चांगलं पिवळं होतं.

"पांढरं, काका," ती म्हणाली.

काकांनी ते हुंगलं. "वास तर ग्रीसचा येतो गो."

ती रडायलाच लागली. "काका, तुमाला दिसत नाय, ते आमाला कधीचं माहीत हाय. तुमी दमलात म्हणून बोलले मी."

काका पेटीवर बसले. खिशातली किल्ली काढून म्हणाले, "सर, आता किल्ली काढून घ्याल माझ्याकडनं?"

रोज सोबत चहा पिणाऱ्या मला जे कळलं नव्हतं, ते मुलींना कळलं होतं. मला लाज वाटली. मी म्हणालो, "किल्ली तुमच्याकडेच. पण डोळे दाखवायचे. आणि त्याआधी ही रायफल परत."

काका हसले. मोतीबिंदूच निघाला. तपासणी पार पडली आणि पुढच्याच आठवड्यात मी त्यांना ऑपरेशनला शहापूरला नेलं.

डोळ्यावरची पट्टी सुटली तशी ते थेट कॉलेजात आले. एकेका नळीतून फडकं ओढून दारातल्या उजेडात स्वतः पाहत राहिले. "पिवळं हाय," शेवटी म्हणाले. "पास केलं त्या साहेबाला पण शहापूरला न्या." विसाच्या वीस रायफली पुन्हा निघाल्या. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काका गेल्या वर्षी गेले. वृषाली आता पोलिसात आहे. परवा रजा काढून ती नव्या मुलींना शिकवायला आली, येताना घरून तुसाचं पोतं घेऊन. मी खोली उघडून दिली. तिने पहिल्याच नळीतून फडकं ओढलं आणि सवयीने माझ्या नाकाशी धरलं.

मी चष्मा पुसला, नीट पाहिलं.

"पिवळं," मी म्हणालो.

"मग परत," ती म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.